तसबिरीखालचे नाव

आमच्या घाटकोपरच्या घरी एका तरुणीची तसबीर कित्येक वर्षे टांगलेली आहे. दिनदर्शिकेवरचे चित्र वडिलांनी हौसेने चौकटीत बसविलेले. तरुणीच्या एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, आणि बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड.

“कुणी रे काढले हे?” आईने एकदा विचारले. मी नुकताच बी. ए. झालो होतो, अर्थात मला सर्व काही ठाऊक होते! “रविवर्म्याने. दुसरे कोण काढणार?” तेव्हापासून आई येणाऱ्याजाणाऱ्यास तेच सांगू लागली.

तसबीर म्हटली की रविवर्मा, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. १८९४ साली त्याने काढलेल्या छापखान्याने देवदेवता घरोघर पोचविल्या. तो छापखाना काही काळ घाटकोपरातच होता. तेव्हा माझ्या अज्ञानास ग्रामाभिमानाचेही बळ होते!

पुढे २०१८ साली गीता उपळेकर ह्या शंभरी उलटून निवर्तल्या आणि वर्तमानपत्रांत तीच तसबीर झळकली. चित्रातली तरुणी त्याच. चित्रकार त्यांचे वडील, सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जे. जे. कलाशाळेत शिकून १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. हे चित्र १९४५-४६ मधले. रविवर्मा वारला १९०६ साली. म्हणजे मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी मी त्याच्याकडून चित्र काढवून घेतले होते!

ओशाळलेल्या मनाने म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात जाऊन मूळ चित्र पाहिले. ते जलरंगातले आहे. तैलरंगात चुकलेली जागा नव्या थराखाली झाकता येते. जलरंगात काळोख भरताना उजेडाची जागा आधीच राखावी लागते. ती एकदा हातची गेली की पहिली झळाळी परत येत नाही. एवढा गाढ अंधार रंगवूनही हळदणकरांनी तो उजेड जपला होता.

घरी परतल्यावर तसबीर उतरवून तिच्याखाली त्यांचे नाव ठळक लिहिले. आता पाहुण्यांनी विचारण्यापूर्वीच मी ते सांगतो. आई मात्र तोवर राहिली नव्हती. मुलाच्या शब्दावर भरवसा ठेवून तिने आयुष्यभर आल्यागेल्यास परक्याचेच नाव सांगितले.