तळपद्यांचे इंजिन

आमच्या आकुर्डीच्या पोरांना यंत्राच्या बाबतीत फसविणे कठीण. पुष्कळांचे वडील फिटर, नाही तर टर्नर!

२०१५ साली शिवकर बापूजी तळपद्यांवरचा ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट आला. दिग्दर्शक विभू पुरी. तळपदे झाला होता आयुष्मान खुराना. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर मराठी माणसाने विमान उडविले, या आख्यायिकेवरच सारी जाहिरात. गाणी, नर्तकीवरचे प्रेम, सगळे यथासांग. तरी चित्रपट पडला.

तो पाहून आलेल्या एका मुलाने वर्गात विचारले, “सर, इंजिन कुठलं होतं?”

“पाऱ्याचं, असं म्हणतात.”

“म्हणतात म्हणजे?”

आता आली का पंचाईत! मराठी अभिमान एका बाजूला, खडू दुसऱ्या बाजूला. शेवटी सांगितले, की त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला देतात, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली तपासले, त्यातली विमाने उडणारी नव्हेत.

वर्ग हिरमुसला. मीही.

तळपद्यांच्या नुसत्या खटपटीचाच चित्रपट कुणी काढला असता, तर त्या पोराला मी पदरच्या पैशाने नेले असते.