आधी काय लिहिलंय ते वाच

माझी धाकटी बहीण यंदा पीएनएसटी, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातली नर्सिंगची प्रवेश परीक्षा देते आहे. घरात मराठी, शाळा हिंदी माध्यमाची आणि पेपरात इंग्रजीचा वेगळा भाग. जीवशास्त्र तिला तोंडपाठ आहे. पण इंग्रजी उतारा समोर आला की चेहरा उतरतो. "ताई, शब्दच येत नाहीत गं," हे ठरलेलं वाक्य.

रोज रात्री जेवणं झाली की आम्ही एक उतारा घेऊन बसतो. शब्द तिला बहुतेक येतात, हे मला लवकरच कळलं. अडचण दुसरीच आहे. एकदा 'डिस्चार्ज' शब्द दिसला आणि तिने पेशंटला सरळ घरी पाठवलं. उताऱ्यात मात्र जखमेतून पू येत होता! 'रिपोर्ट पॉझिटिव्ह' वाचून तिला आनंद झाला, तो वेगळाच.

मी म्हटलं, अगं, आपण भोपाळची मराठी माणसं, आपल्याला ही कसरत नवी आहे का? शाळेत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, घरी तीच शिक्षा पाठीत धपाटा. बाहेर 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आजीपुढे चेष्टा केली की बोलणी. 'यातायात' रस्त्यावर वाहतूक असते, घरात दगदग. ओळखीच्या शब्दाचाही अर्थ वाक्य बघून ठरवायचा, हे आपण लहानपणापासून करत आलोय. दोन भाषांमुळे आपण मागे पडतो असं तिला वाटत होतं. खरं तर निम्मा सराव त्यांनीच करून घेतला आहे.

राहिला प्रश्न वेळेचा. 150 प्रश्न आणि 2 तास, म्हणजे एका प्रश्नाला 48 सेकंद. उताऱ्यावर 5 प्रश्न असले तर 4 मिनिटं, वाचन त्यातच. म्हणून आम्ही आधी प्रश्न वाचतो, मग उतारा. 'नॉट', 'एक्सेप्ट', 'ओन्ली', 'अनलेस' अशा छोट्या शब्दांना सरावात गोल करतो, कारण अख्खं उत्तर तेच फिरवतात. आणि प्रत्येक उत्तरानंतर मी एकच विचारते, "कुठल्या ओळीत?" हुशार मुली इथेच फसतात. मलेरियावरच्या उताऱ्यात एक पर्याय विज्ञानाच्या दृष्टीने अगदी बरोबर असतो, पण उताऱ्यात त्याचा पत्ताच नसतो. तो सोडायला जीव होत नाही.

ही सवय फक्त सीट मिळवण्यापुरती नाही. औषधाच्या कागदावर 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा आणि 'क्यूआयडी' म्हणजे चारदा. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजार पटींचा फरक. तिथे "असंच असेल" म्हणून चालत नाही. लिहिलंय तेच वाचावं लागतं, आणि शंका आली तर विचारावं लागतं.

आपल्या मंडळात आपण कथा वाचतो, कवितेतल्या एका शब्दावर अर्धा तास वाद घालतो. तेच वाचन अशा मुलींच्या कामाचं आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी ही परीक्षा देत असेल, तर तिच्याबरोबर रोज एक उतारा वाचा. वीस मिनिटं पुरतात. फक्त उत्तर आपण सांगायचं नाही. ओळ तिलाच शोधू द्यायची.