भेट कलम

1998 च्या मे महिन्यात हापूसवरून पडलो, तेव्हा उजवा घोटा आणि टाचेचं हाड दोन्ही मोडली. हाडं जुळली, पण सांध्यातली गादी गेली ती गेलीच. पुढची वीस वर्षं हाडावर हाड घासत राहिलं. शेवटी बिछान्यापासून न्हाणीपर्यंतची दहा पावलंही भिंत धरून टाकायचो.

"काका, घोटा आणि त्याखालचा सांधा, दोन्ही कायमचे जखडून टाकू," डॉक्टर म्हणाले. मी दोन महिने परत गेलोच नाही. हलायचाच नसेल, तर तो पाय कसला?

मग पावसाळ्यात भेट कलमं बांधायला बसलो. रोपाची साल तासायची, फांदीची तासायची, दोन्ही ओल्या जखमा समोरासमोर आणून घट्ट बांधायच्या. बांध सैल पडून हललं, की कलम गेलं. डॉक्टर सांगत होते ते हेच: उरलेली कुर्चा खरवडायची, हाडं रक्त दिसेपर्यंत उघडी करायची, एकमेकांना भिडवायची. फक्त सुतळीच्या जागी तळव्यातून आत घातलेली लांब नेल, टाचेच्या हाडातून थेट नडगीपर्यंत. त्याच संध्याकाळी मुलाला म्हटलं, "तारीख घे."

अट एकच होती, तंबाखू बंद. तंबाखूनं रक्त कमी पोचतं आणि हाड जुळत नाही. चाळीस वर्षांची चंची चुलीत टाकली. तिचा त्रास ऑपरेशनपेक्षा जास्त झाला.

भूल कमरेतून दिली होती. दुखत नव्हतं, पण हातोडीचे ठोके ऐकू येत होते. घोट्याच्या बाहेरच्या अंगाचं हाड कापून, त्याचाच चुरा पोकळीत भरला. नंतर दहा आठवडे पाय टेकायचा नाही. मी वॉकरला हात घातला, की ही स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, टेकलात तर बघा!" दहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत हाडांमधली काळी रेघ पुसट झाली होती.

ते दुखणं आता नाही. पावलाचा मधला भाग थोडा वाकतो, त्यामुळे गोल तळाच्या बुटांत डांबरी रस्त्यावर लंगडही फारशी कळत नाही. उकिडवं बसता येत नाही, म्हणून कमोड बसवला. सड्यावरचा कातळ मात्र अवघड. पाय आत-बाहेर कलवणारा तो खालचा सांधाच आता नाही, त्यामुळे प्रत्येक दगड गुडघ्याला कळतो. पूर्वी अंधारातही दगड पावलाला आधी समजायचा. आता बागेत वर जाताना हातात काठी असते, आणि मी खाली बघत चालतो.