खिडकीची जागा

(द्वितीय वर्ष कला)

विमान मी जन्मापासून पाहत आलो आहे, पण खालून. घाटकोपरला असल्फाच्या टेकडीवर आमची खोली आहे. पूर्वेकडून येणारी विमाने आमच्या वस्तीजवळून धावपट्टीकडे उतरतात. विमान आले की आई बोलता बोलता थांबते आणि ते गेले की त्याच शब्दापासून पुढे सुरू करते.

गेल्या मार्चमध्ये वक्तृत्व स्पर्धेसाठी नागपूरला जायचे होते. दुसऱ्याच दिवशी परीक्षा असल्याने आतेभाऊ परतीचे तिकीट विमानाचे काढून देणार होता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आता विमानाची पायरीही मीच पहिल्यांदा चढणार होतो. "जागा कोणती हवी?" त्याने विचारले. मी म्हणालो, "आपलं घर दिसेल ती."

हे वाटले तितके सोपे नव्हते. मी भूगोलाच्या सरांना गाठले. सरांनी कागदावर चित्रच काढले. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते. मुंबईत दुपारी वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. म्हणून विमान पश्चिमेला तोंड करून उतरेल. असल्फा धावपट्टीच्या रेषेच्या उत्तरेला, तेव्हा टेकडी उजव्या हाताला येणार. सहा जणांच्या रांगेत 'ए' ही डावी खिडकी आणि 'एफ' ही उजवी. दुपारचे ऊनही डाव्या बाजूने येणार, त्यामुळे उजवीकडे डोळे दिपणार नाहीत. मधल्या रांगांत पंख आडवा येतो आणि पंखामागे इंजिनाच्या गरम हवेने खालचे दृश्य थरथरते. एवढा विचार करून पंखापुढची 'एफ' जागा घेतली. तिचे जादा पैसे पडले. आई म्हणाली, "मी पत्र्यावर लाल चादर वाळत घालते. म्हणजे तुला ओळखता येईल."

स्पर्धेत नंबर आला नाही. पण त्याचे दुःख नागपूरलाच राहिले. विमानात मी काचेला नाक लावून बसलो. विमान खाली येऊ लागले, तपकिरी डोंगर मागे पडले, ठाण्याची खाडी आली, तिच्या काठची खारफुटी आली. मग घाटकोपर. छाती धडधडू लागली. निळ्या ताडपत्र्यांची आमची टेकडी खिडकीत चढू लागली.

एवढ्यात शेजारचे गृहस्थ माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "बघा, मुंबईत उतरताना पहिलं दर्शन हे! कशी राहत असतील इथे माणसं?"

मी त्यांच्याकडे वळलो. "इथेच राहतो मी," असे म्हणायचे होते. तोंडातून निघाले, "हो ना!" वर थोडा हसलोही.

पुन्हा काचेकडे पाहिले तेव्हा धावपट्टी आली होती. ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरणारे विमान एका 'हो ना'साठी थांबत नाही. वारा, ऊन, पंख, सगळ्यांचा हिशेब मी केला होता. माझ्या जिभेचा तेवढा राहून गेला. तीन मिनिटे व्यासपीठावर 'माणसाची प्रतिष्ठा' या विषयावर बोलून आलेली तीच ही जीभ!

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. चादर अजून पत्र्यावरच होती. आई दारातच उभी. "दिसली का रे?"

"दिसली," मी म्हणालो. "लांबूनच ओळखली."

तिचा चेहरा उजळला. शेजारच्या काकूंना हाक मारून तिने सांगितले, "बघा, मी म्हटलं नव्हतं? दिसली त्याला!"

कॉलेजात कुणी विचारले तर आजवर मी "घाटकोपरला राहतो" एवढेच सांगत आलो. त्या गृहस्थांची आणि माझी गाठ पुन्हा पडणार नाही. म्हणून उत्तर इथे लिहितो. आम्ही असल्फाच्या टेकडीवर राहतो. खोली दहा बाय बाराची आहे. उतरताना उजव्या खिडकीतून दिसते. आई वर पाहत असते.