ओटावा : ४५ मिनिटांचा राडा

कॅनडा म्हटलं की आपली गाडी थेट नायगाराला. पण ओटावाला गेलात तर पार्लमेंट हिल चुकवू नका. पीस टॉवरवाली मुख्य इमारत दुरुस्तीसाठी बंद आहे. त्यामुळे २०१९ पासून खासदार बसतात शेजारच्या वेस्ट ब्लॉकमध्ये, काचेच्या छताखाली. सोमवार ते गुरुवार दुपारी सव्वादोनला ‘क्वेश्चन पीरियड’. ४५ मिनिटं फुल्टू राडा, तोही फुकट! प्रश्नाला ३५ सेकंद, उत्तराला ३५ सेकंद. तेवढ्या वेळात विषय टाळणं मंत्र्यांना छान जमतं.

खरा वाद पेटला तो मात्र समोरच्या वेलिंग्टन स्ट्रीटवर. २०२२च्या जानेवारीअखेर कोविड निर्बंधांविरुद्ध ट्रकवाले इथे आले, ते तीन आठवडे हललेच नाहीत. रात्रंदिवस हॉर्न! शेवटी २१ वर्षांची एक सरकारी कर्मचारी कोर्टात गेली आणि हॉर्नवर बंदी आली. मग १४ फेब्रुवारीला ट्रूडो सरकारने १९८८चा आणीबाणी कायदा पहिल्यांदाच वापरला. काहींची बँक खातीसुद्धा गोठवली. २०२३ मध्ये चौकशी आयोग म्हणाला, सरकार बरोबर. २०२४ मध्ये फेडरल कोर्ट म्हणालं, चूक. झोप उडालेल्या रहिवाशांची बाजू मला पटते. पण खातं गोठवायचं म्हणजे जरा अतीच झालं ना?

२०२५ मध्ये ट्रूडो गेले, मार्क कार्नी आले. प्रश्नांचे ३५ सेकंद तेवढेच राहिले. जाण्याआधी अधिवेशन चालू आहे ना, ते बघा. जुलै-ऑगस्टमध्ये खासदार सुट्टीवर असतात.