ऐकणारं माणूस

सोलापुरात वाढलेल्या माणसाला भाषा ही शिकायची गोष्ट असते, हेच मुळी उशिरा कळतं. आमच्या बोळात पद्मशाली विणकरांची घरं होती. मागाच्या खडखडाटात त्यांचं तेलुगू चाले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कन्नड, पलीकडच्या गल्लीत दखनी. तेलुगूत भांडायला, कन्नडमध्ये उधारीवर साखर मागायला आणि दखनीत पतंगाच्या काटाकाटीवरून हुज्जत घालायला मी कधी शिकले, ते सांगता येणार नाही. कुणी व्याकरण सांगितलं नाही, कुणी गुण दिले नाहीत. भांडायला समोर कुणीतरी होतं, तेवढं पुरलं.

भाषेची पहिली रीतसर परीक्षा दिली ती पुण्यात आल्यावर, रशियनची. ऐंशीच्या दशकात रशियन शिकण्यात नवल नव्हतं. वाचनाची आवड असलेल्या मराठी घरात सोव्हिएत पुस्तकं असतच. किंमत नगण्य, बांधणी दणकट. थोरल्यांसाठी टॉलस्टॉय आणि चेखव, पोरांसाठी चित्रांची पुस्तकं, आणि अभियांत्रिकीच्या मुलांसाठी ‘मीर’ प्रकाशनाची गणित-भौतिकीची. शाळेच्या वह्यांना सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं घातलेली पिढी आमची. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परदेशी भाषांचे वर्ग चालत, तिथे नाव घातलं.

संस्कृतच्या विभक्त्या घोकलेल्या मुलीला रशियनच्या सहा विभक्त्यांचं भय वाटलं नाही. लिंगं तीन, ती मराठीतही तीनच. माणसाला आदराने हाक मारायची तर त्याच्या नावापुढे वडिलांचं नाव लावून, ही रीत तर नावात वडील घेऊनच फिरणाऱ्या मराठी माणसाला ओळखीचीच वाटणार. वर्षा-दोन वर्षांत शब्दकोश मांडीवर घेऊन चेखवच्या कथा वाचू लागले. शास्त्रीय लेखांचे अनुवाद करून थोडे पैसेही मिळू लागले. पण बोलणं वर्गाच्या चार भिंतींत, तेही पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नांना पाठ्यपुस्तकातली उत्तरं. डिसेंबर 1991 मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि अनुवादाचं कामही हळूहळू आटलं. रशियन आजही वाचते. बोलायला मात्र जीभ उचलत नाही.

जर्मनची गोष्ट वेगळी घडली. तीही वर्गातच सुरू झाली, ‘थेमेन’ नावाच्या पाठ्यपुस्तकावर. पण पुण्याच्या आसपास, पिंपरी-चिंचवडपासून पुढे चाकणपर्यंत, जर्मन यंत्रं येत होती. यंत्राबरोबर जाडजूड मॅन्युअल यायचं आणि मॅन्युअलच्या मागोमाग ते यंत्र बसवून देणारा माणूस. मॅन्युअलच्या अनुवादासाठी मला बोलावलं जाई आणि मग दुभाषी म्हणून शॉप फ्लोअरवर उभं राहावं लागे. एका बाजूला हात ग्रीसने माखलेला जर्मन फिटर, दुसऱ्या बाजूला भोसरीचा आपला फिटर, मध्ये मी.

मराठी माणसाला जर्मनमध्ये किती गोष्टी आयत्या मिळतात, ते तिथे उमगलं. जर्मन माणूस पंचवीस म्हणताना आधी पाच म्हणतो, मग वीस, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून विचार करणारे इथे हमखास अडखळतात आणि पंचवीसचे बावन्न करून बसतात. यंत्राच्या मापात ही चूक परवडत नाही. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत दुभाषेपण करणारा त्या क्रियापदाची वाट बघत ताटकळतो. मराठीत करताना ताटकळावं लागत नाही, कारण आपलंही क्रियापद तिथेच बसतं. आणि ‘चमचा’तला ‘च’ ज्याला येतो, त्याला जर्मनांचं ‘झेड’ अक्षर उच्चारायला वेगळं शिकवावं लागत नाही. ओठांचा चंबू करून काढायचे स्वर तेवढे जड जातात.

पण या सोयींमुळे मी बोलायला शिकले, असं नाही. शिकले ते त्या फिटरमुळे. वर्गात माझ्या प्रत्येक नामाचं लिंग तपासलं जाई. त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. हायड्रॉलिक पंपाचा दाब का उतरतोय, एवढंच त्याला माझ्याकडून कळायला हवं होतं. वाक्य पुरं होईपर्यंत तो थांबायचा. अर्थ लागला नाही तर पंपाकडे बोट दाखवून पुन्हा विचारायचा. मी त्याच्यासाठी विद्यार्थिनी नव्हतेच, बातमी घेऊन आलेलं माणूस होते. बोलणाऱ्याला हा मान मिळाला की व्याकरण आपोआप मागून येतं.

ट्रॉयच्या उत्खननासाठी प्रसिद्ध असलेला हाइनरिश श्लीमान हे फार लवकर ओळखून होता. 1844 च्या सुमारास तो ॲमस्टरडॅमच्या एका व्यापारी पेढीत नोकरी करत होता. रशियन शिकायची होती आणि शिकवणारा मिळत नव्हता. त्याने व्याकरणाचं एक जुनं पुस्तक, शब्दकोश आणि ‘तेलेमाक’ या फ्रेंच कादंबरीचा रशियन अनुवाद मिळवला. शिकवणारा नाही तर नाही, ऐकणारा तरी असावा, म्हणून त्याने आठवड्याला चार फ्रँक देऊन एक गरीब ज्यू म्हातारा ठेवला. म्हाताऱ्याने रोज संध्याकाळी येऊन दोन तास बसायचं आणि श्लीमानची रशियन घोकंपट्टी ऐकायची. त्याला त्यातलं अक्षरही कळत नसे. पातळ तक्तपोशीच्या त्या घरांत आवाज वर-खाली सगळीकडे जाई. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि शिकताना श्लीमानला दोनदा बिऱ्हाड हलवावं लागलं. हे सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. दोन वर्षांत तो व्यापारासाठी सेंट पीटर्सबर्गला गेलाही. स्वतःबद्दल फुगवून सांगण्याची त्याला सवय होती हे खरं, पण या बाबतीत माझा त्याच्यावर विश्वास आहे.

जपानीकडे वळले तेव्हा चाळिशी उलटली होती. आयटीमुळे पुण्यात जपानीची हवा होती. मराठी माणसाला ही भाषा कानाला परकी आणि रचनेला घरची. ‘मी काल पुण्याला गेले’ या वाक्यातले शब्द मराठीत ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने जपानीत ठेवता येतात. प्रत्ययही नामाच्या मागून येतात. छळतात त्या लिप्या. दोन वर्णमाला पुऱ्या झाल्या की कांजी, आणि जपानी शाळकरी मुलांना शिकाव्या लागणाऱ्या कांजींची सरकारी यादीच 2136 चिन्हांची.

जपानीची ती प्रसिद्ध परीक्षा, जेएलपीटी, भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत पाच पायऱ्या. शब्द, व्याकरण, वाचन, श्रवण, सगळं पर्यायांतून निवडायचं. बोलण्याचा भाग कुठल्याच पायरीवर नाही. तोंडातून एक शब्द न काढता माणूस सर्वांत वरची पायरी चढू शकतो, आणि असे चढलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांचं वाचन मला हेवा वाटावा असं होतं. जपानी पाहुण्यासमोर त्यांना घाम फुटे.

गंमत म्हणजे ऐकणाऱ्याला इतकं काम लावणारी दुसरी भाषा मला माहीत नाही. जपानी माणूस बोलत असताना समोरच्याने गप्प बसणं बरं दिसत नाही. दर अर्ध्या वाक्याला ‘हाइ’, ‘एए’, ‘सो देसु ने’ म्हणत मान डोलवायची असते. फोनवर हे थांबलं तर पलीकडचा ‘मोशीमोशी?’ म्हणून विचारतो, अजून आहात ना? आमची आजीही रात्री गोष्ट सांगताना हुंकाराशिवाय पुढे सरकत नसे. पोरांचा ‘हं’ थांबला की पोरं झोपली असं समजून तीही थांबे. जपानी बोलायला मी या हुंकाराच्या आधारावर शिकले. समोरचा ‘हाइ’ म्हणाला की पुढचा शब्द सापडायचा.

वाचण्यासाठी भाषा शिकणं कमी दर्जाचं आहे, असं मला म्हणायचं नाही. पंडिता रमाबाईंनी बायबल मुळातून मराठीत आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या, त्यांना गप्पा मारायच्या नव्हत्या. ती साधना एकट्याने होते. बोलणं एकट्याने होत नाही, आणि आपण ते एकट्याने होईल असं धरून चालतो. क्लास लावतो, ॲप घेतो, कानांत बोंडं घालतो आणि वर्षभराने म्हणतो, समजतं सगळं, बोलता तेवढं येत नाही.

आता हे म्हणणाऱ्यांत नवी भर पडली आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांना पाठवण्याची घोषणा झाली. त्यामुळे परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक जर्मन शिकू लागले आहेत. लातूर-बीडकडच्या काही मुली माझ्याकडे बोलण्याच्या सरावासाठी येतात. त्यांना मी आधीच सांगून ठेवते की बाडेन-व्युर्टेम्बर्गने स्वतःची जाहिरातच अशी केली होती, की आम्हांला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन तेवढी येत नाही. वॉर्डातली आजी श्वाबिश बोलीत पाणी मागेल, पुस्तकातल्या जर्मनमध्ये नव्हे. म्हणून मी त्यांच्या चुका मध्येच सुधारत नाही. वाक्य संपू देते, मग दुसरा प्रश्न विचारते. शब्दांची आणि लिंगांची उजळणी त्यांनी घरी करावी. माझ्याकडे त्यांना ऐकणारं माणूस मिळतं.

परदेशी भाषा बोलायची असेल तर असं माणूस शोधा, प्रमाणपत्राच्या आधी. आणि एक काम आपल्याही वाट्याचं आहे. पुण्या-मुंबईत आज कोरियन, जपानी, जर्मन माणसं राहतात, आसाम-ओडिशाहून आलेली तर कितीतरी. त्यांच्यापैकी कुणी मोडकंतोडकं मराठी बोलू लागलं की आपण लगेच, तेही कौतुकाने, हिंदीत किंवा इंग्रजीत शिरतो. तसं करू नका. हं म्हणा आणि त्याचं वाक्य त्याला पुरं करू द्या. आपली भाषा कुणाला येत नाही, या तक्रारीवर याहून स्वस्त उपाय नाही.