विकणे आहे

लेकीच्या आग्रहाखातर गेल्या वर्षी आम्ही उभयता इंग्लंडला, स्विंडन शहरी, दोन महिने राहून आलो. तिथे रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या सभागृहात चहा मिळतो. चहा घेता घेता सूचनाफलक वाचायची आमची खोड गावापासूनचीच. एका रविवारी फलकावर हाताने लिहिलेला कागद दिसला : 'विकणे आहे. एमजीबी, १९६७. दोन आसनी, उघड्या टपाची. पन्नास वर्षे एकाच घरात.'

कागद लावणारे ऐंशीच्या घरातले गृहस्थ जवळच उभे होते. गाडी घ्यायची नाही, नुसती पाहायची आहे, असे आम्ही भीत भीत सांगितले. त्यांनी आनंदाने आम्हाला घरी नेले.

गॅरेजचे दार उघडले आणि आम्ही पाहतच राहिलो. गडद हिरवा रंग, क्रोमचे बंपर, तारांच्या आऱ्यांची चाके आणि माणसाच्या चेहऱ्यासारख्या सुरकुत्या पडलेली चामड्याची आसने. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ह्या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. ही काही अमीर-उमरावांची गाडी नव्हे. चार सिलिंडरांचे साधेसुधे १७९८ सीसीचे इंजिन, दोन कार्बोरेटर. नोकरदार तरुणाने पैसे साठवून घ्यावी अशी ही स्पोर्ट्स कार. तिच्या सांगाड्याचे पत्रे स्विंडनमध्येच घडत, आणि आमचे यजमान तरुणपणी त्याच कारखान्यात कामाला होते.

त्यांनी आमच्या हाती रुमालात गुंडाळलेले एक लोहचुंबक दिले. "दाराखालच्या पट्टीला लावून पाहा," म्हणाले. ह्या गाडीला वेगळी चासी नसते. अंगाचा पत्राच सारा भार वाहतो. त्या पट्ट्या आतून गंजतात, आणि विकणारे पुटी भरून वरून रंग चढवतात. पुटीवर चुंबक धरत नाही. इथे मात्र ते सगळीकडे घट्ट चिकटले. तेवढ्यात त्यांनीच मागच्या चाकाजवळ बोट ठेवले. "इथला पत्रा १९८९ साली बदलला आहे." लगेच जाडजूड फायलीतून त्याचे बिलही काढून दाखवले. गिऱ्हाईक नसलेल्या माणसालाही उणीव दाखवणारा विक्रेता आम्ही प्रथमच पाहिला.

"इतकी वर्षे झाकून ठेवलीत म्हणूनच अशी राहिली ना?" आम्ही कौतुकाने विचारले. म्हातारबुवा जवळजवळ रागावलेच. "झाकून ठेवली असती तर केव्हाच मेली असती!" मग त्यांनी सारे समजावून सांगितले. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते आणि आतले भाग गंजवते. उभ्या गाडीतले पेट्रोल शिळे होऊन कार्बोरेटर तुंबवते. रबर सुकून तडकते. थंडीत रस्त्यावर मीठ पसरतात, तेवढे दिवस सोडले तर दर आठवड्याला ते गाडी बाहेर काढत. दर तीन हजार मैलांना पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस, दोन वर्षांनी ब्रेकचे तेल नवे.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती : वडिलांची जावा. ते गेले तेव्हा त्यांची आठवण म्हणून ती मोटरसायकल आम्ही पडवीत ताडपत्रीखाली ठेवली. कोणाला हात लावू दिला नाही. शेजारच्या एका होतकरू मेकॅनिक मुलाने मागितली, तर त्यालाही दुखावले. नऊ पावसाळ्यांनंतर ताडपत्री काढली, तेव्हा टाकीचा तळ हाताला लागून गळून पडला. इंजिन पुरते जाम. शेवटी भंगारवाल्याने ती किलोवर नेली. त्या दिवशी घरात कोणी धड जेवले नाही. आम्ही वडिलांची आठवण जपत होतो की फक्त कुलूप जपत होतो?

"मग आता विकता का?" आम्ही विचारले. उत्तर म्हणून त्यांनी गाडीत बसून दाखवले. बसले, पण उठता येईना. आमच्या ह्यांनी हात दिला. "गुडघे," ते हसून म्हणाले. परदेशातल्या मुलाने फोनवर विनवले होते, 'बाबा, विकू नका, आठवण म्हणून राहू द्या.' त्यांनी ऐकले नाही. "मी जिवंत आहे तोवर घेणाऱ्याला शेजारी बसवून हिच्या खोडी शिकवू शकेन. नंतर कोण शिकवणार?"

आम्ही परतेपर्यंत गाडी विकली गेली नव्हती. दोन गिऱ्हाइके येऊन गेली होती; चालवण्याविषयी त्यांनी काही विचारले नाही, म्हणून म्हाताऱ्याने त्यांना परत पाठवले होते.

घरी आल्यावर आम्ही कपाटावरची पेटी खाली काढली. आत वडिलांचे व्हायोलिन. तारा तुटलेल्या, गजाचे केस कसरीने खाल्लेले. पण लाकूड शाबूत होते. दुरुस्त करून ते आम्ही गायनमंडळातल्या एका मुलीला दिले. अजून ती बेसूर वाजवते. ऐकायला आम्ही पहिल्या बाकावर बसतो.